पाहायला गेले, पाहुणी झाले

वीकेंडला कुठे जायचं यावर आमच्या ग्रुपमध्ये जेवढी चर्चा होते, तेवढी बजेटवरही होत नसेल. महाबळेश्वर? नको, गर्दी. अलिबाग? तिथे अख्खी मुंबई. ताम्हिणी? गाड्यांची रांग बघूनच घाम फुटतो. मग कोणीतरी हळूच म्हणतं, 'या वेळी काहीतरी हटके करू या ना!' हटके म्हणजे काय, तर आपल्यासारखे लोक जिथे अजून पोचले नाहीत अशी जागा. तिच्यासाठी आपल्याकडे एक भारी शब्द आहे. अनएक्स्प्लोअर्ड! तो नुसता उच्चारला तरी आपण लगेच वास्को द गामा.

हा शब्द माझ्या डोक्यातून ज्या गावाने काढून टाकला, त्या गावाचं नाव मुकुटबन.

नाव ऐकलं नसेल तर टेन्शन घेऊ नका. मीही ऐकलं नव्हतं. एका कामासाठी वणीला गेले होते. काम संपलं आणि हातात दोन दिवस मोकळे उरले. वणीहून आदिलाबादकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर नकाशात बोट फिरवत होते, तेवढ्यात हे नाव दिसलं. मुकुटबन! गोष्टीतली राजकन्या वाट चुकते ना, तिथलं वाटतं की नाही? जिल्हा यवतमाळ, तालुका झरी जामणी. दक्षिणेला गेलं की पैनगंगा आणि नदीपलीकडे तेलंगण. नेटवर शोधलं, तर फोटोंपेक्षा टेंडरं जास्त निघाली. म्हटलं, हेच ते! सॅक पाठीला लावली आणि एसटी स्टँड गाठला.

कोणाकडे आल्या?

२०२३च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. त्याचा अर्थ पुण्यात बसून कळत नाही, वणीच्या स्टँडवर कळतो. अख्खी बस बायकांनी भरलेली. कोणी दवाखान्यातून परतत होती, कोणी लेकीच्या घरून, कोणी बँकेतलं काम आटपून. एका मावशींनी मला खिडकीशी सरकवलं आणि स्वतः शेजारी बसल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत औषधाची बाटली आणि मुरमुऱ्याचा पुडा. कंडक्टर पुढे सरकल्याबरोबर त्यांनी सुरुवात केली.

'कोनाकडे आल्या ताई?'

'कोणाकडे नाही. सहज, फिरायला.'

'मुकुटबनले?'

'हो.'

'हाव, पन कोनाकडे?'

मागच्या सीटवरच्या दोघीही आता पुढे वाकल्या. सर्वेवाल्या हाय का तुमी? बचत गटाच्या? बँकेच्या वसुलीवाल्या? शाळेवर लागल्या का? मी प्रत्येकीला 'नाही' म्हणत गेले आणि दर नकारागणिक त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी वाढत गेली. शेवटी मावशींनी विचारलं, 'येकट्याच निंगाल्या? घरी मालूम हाय ना?' मी मान डोलावल्यावर त्यांनी मुरमुरे पुढे केले. बहुतेक दयेपोटी.

शहरात अनोळखी माणसाला आपण विचारतो, 'काय करता?' इथे विचारतात, 'कोणाचे?' पहिल्याचं उत्तर व्हिजिटिंग कार्डावर छापलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर माझ्या सॅकमध्ये कुठेच नव्हतं.

जागा पाहाले?

मुकुटबनला उतरले तेव्हा जानेवारीचं ऊन होतं. रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकलेले. कापसाने लादलेल्या गाड्या जाता जाता मागे ठेवून जातात ते. मोबाइलची दुकानं, कृषी केंद्रं, आलूबोंडा तळणारी हॉटेलं आणि एका टपरीवर वाजणारं तेलुगू गाणं. मध्येच ट्रक गेला की सगळ्यावर धुळीचा एक थर.

त्याच टपरीवर चहा घेतला. चहावाल्या भाऊंनी कप हातात देताना विचारलं, 'जागा पाहाले आल्या का?'

मला वाटलं, लॉज शोधतेय असं समजले असतील. पण दोन तासांत हाच प्रश्न आणखी तिघांनी विचारला. एका काकांनी तर आवाज खाली आणून सांगितलं, 'घ्याची असन तं हाय माह्या ओळखीत. रस्त्याले लागून.' आता माझ्या अवताराकडे पाहून कोणाला मी जमीन घेणारी पार्टी वाटले, हा संशोधनाचा विषय आहे! पण इथे बाहेरून येणारं माणूस बहुतेक वेळा जमिनीसाठीच आलेलं असतं.

त्याचं कारण पायाखाली आहे. जिओलॉजी म्हटलं की तुम्ही पान उलटाल, पण दोन मिनिटं थांबा. या भागात खूप खाली चुनखडी आहे. प्राणीसुद्धा नीट अवतरले नव्हते, त्या काळात इथे समुद्र होता, त्याच्या तळाशी साठलेली. तिच्यानंतर कोळसा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. आणि सगळ्यात वर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून आलेला लाव्हा. याच तालुक्यात शिबल्याच्या बाजूला रस्त्याच्या कामात दगडाचे कोरल्यासारखे खांब उघडे पडले. अंधेरीची गिल्बर्ट हिल आठवा, तोच प्रकार. समुद्र, जंगल आणि ज्वालामुखी, एकाच्या डोक्यावर एक!

आता चुनखडी आणि कोळसा एकाच ठिकाणी मिळाल्यावर काय होणार, ते सांगायला कॉमर्सवालाही चालेल. शेजारच्या मार्की आणि मांगली या गावांची नावं कोळशाच्या फायलींतून दिल्लीपर्यंत पोचली. सर्वोच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०१४ला देशभरातल्या २१४ कोळसा खाणपट्ट्यांचं वाटप रद्द केलं, त्यात मार्की-मांगलीही होते. २०१५ला त्यांतल्या काहींचा नव्याने लिलाव झाला. मुकुटबनला सिमेंटचा मोठा कारखाना उभा राहिला आणि २०२२पासून सुरू झाला. क्षमता वर्षाला ३९ लाख टन.

म्हणजे मी ज्याला अनएक्स्प्लोअर्ड म्हणत होते, ते गाव माझ्या आधी किती जणांनी बोअर मारून, नकाशे काढून, सातबारे तपासून झालं होतं. आमच्या ग्रुपला त्याचं नाव माहीत नव्हतं, एवढंच काय ते.

टपरीवर बसलेले एक आजोबा सांगत होते, 'पाच एकर इकलं. पैसा आला. पोराची गाडी झाली, पोरीचं लगन झालं, घराले स्लॅब पडला.' मग थोडं थांबून, 'आता सकाळी उठून कुठी जाव, थेच समजत नाई.' त्यांच्या शेजारचा मुलगा आयटीआय झालेला. त्याला आजोबांचं हे रडगाणं बिलकूल पटत नव्हतं. 'वावरात काय हाय आजोबा? मले तं कंपनीतच लागाचं हाय.' दोघं एकाच बाकावर, एकाच पुडीतले शेंगदाणे खात होते. मला दोघांचंही पटत होतं. आणि मला काय पटतं, याच्याशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं, हेही बरंच होतं.

पेपरवाल्या?

'सहज आले'वर कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा मी म्हटलं, 'मी लिहिते. पेपर-मॅगझिनमध्ये.' वाटलं, आता तरी प्रश्न मिटेल. पण बाकावर एकदम शांतता पसरली.

यवतमाळ जिल्ह्यात पत्रकार कशासाठी येतात, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. १९ मार्च १९८६ला याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. १ जुलै २००६ला तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. २०१७ला कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली. दर वेळी कॅमेरे आले, हार घातलेल्या फोटोसमोर बायकांना बसवलं, आणि परत गेले.

'कोन मेलं ते पाहाले समदे येतात,' आजोबा म्हणाले. रागाने नाही, हवापाणी सांगावं तसं. 'आमी जगून ऱ्हायलो, ते पाहाले कोनी येत नाई.'

मी वही आतच ठेवली. मग कापसाचा विषय निघाला. यंदा बोंडअळी किती, वेचाईला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोला किती मागतात, सरकी काय भावाने गेली. तासभर मी नुसती ऐकत होते. चहाचे पैसे कोणी देऊ दिले नाहीत.

तुमचं घर दाखवा

तो बाजाराचा दिवस होता. बाजारात फिरताना कानांची गंमत होते. भाव मराठीत, घासाघीस तेलुगूत आणि आपसातलं बोलणं गोंडीत किंवा कोलामीत. कोलाम इथले जुने रहिवासी. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना केंद्राने विशेष असुरक्षित मानलंय, त्यांतली एक (बाकीच्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड). त्यांच्या वस्तीला 'पोड' म्हणतात. कोलामी भाषा मराठीची नव्हे, तेलुगू-गोंडीच्या घराण्यातली. आणि त्यांचं बांबूकाम म्हणजे बघत राहावं असं!

एक आजी टोपल्या आणि सुपं मांडून बसल्या होत्या. विणीचा तो पॅटर्न! माझा हात आपसूक फोनकडे गेला. 'आजी, एक फोटो काढू?'

'काढून काय करता?'

'पुण्याला मैत्रिणींना दाखवीन.'

त्यांनी थोडा विचार केला. मग हात पुढे केला. 'मंग तुमचं घर दाखवा.'

बरोबरच आहे की! मी त्यांच्या शेजारी पोत्यावर बसले आणि फोनमधले फोटो दाखवू लागले. आई, बाल्कनीतली तुळस, माझी खोली, ओट्यावरचा मिक्सर. आजूबाजूच्या चार बायका गोळा झाल्या. खोलीचा फोटो आजींनी जवळ नेऊन पाहिला.

'इतकुसं? भाडं काय देता?'

मी आकडा सांगितला. आजी शेजारणीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या खळखळून हसल्या. काय म्हणाल्या ते मला कोणी सांगितलं नाही, पण अंदाज आला. मग फोटो काढू दिला. टोपली घेतली, तिच्या किमतीत एक पैसाही सूट मिळाली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाचं तरी टूरिस्ट स्पॉट झाले होते, आणि खरं सांगू, मजा आली.

कापसाची खोली

संध्याकाळी सुपांच्या पलीकडे बसमधल्या मावशी दिसल्या. 'भेटलं का कोनी?' त्यांनी विचारलं. 'नाही,' मी म्हटलं. 'मंग चाला घरी. आता रातच्याले कुठी जाता?'

घर गावाच्या टोकाला. दार उघडलं आणि समोरच्या खोलीत कापूसच कापूस, पार आढ्यापर्यंत! २०२२च्या सुरुवातीला कापसाने क्विंटलला दहा हजारांचा भाव ओलांडला होता. तेव्हापासून प्रत्येक हंगामात विदर्भातल्या कितीतरी घरांत असा कापूस साठतो आणि लोक त्या भावाची वाट पाहत बसतात. दिसायला एकदम रोमँटिक, पांढऱ्या ढगात घर असल्यासारखं. पण साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. ठिणगीची भीती, म्हणून चूल अंगणात. आणि मावशींची बारावीतली लेक अभ्यासाला शेजारच्या घरी जाते, कारण तिची खोली कापसाने घेतलीय.

जेवायला ओल्या तुरीच्या सोल्यांची भाजी, ज्वारीची भाकरी, जवसाची चटणी. सोले आधी परतून मग पाट्यावर भरडलेले. ही भाजी पुण्यातल्या कुठल्याही 'ऑथेंटिक'वाल्या हॉटेलात मिळाली, तर मी बिल बघणार नाही, प्रॉमिस.

जेवण झाल्यावर काका बॅटरी आणि काठी घेऊन निघाले. शेतीपंपाला त्या आठवड्यात रात्रीची लाइट होती, म्हणजे ओलित रात्रीच करायचं. आणि रात्री वाघ. इथून जवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, १४८ चौरस किलोमीटरचं. वाघांची संख्या वाढली, तशी जागा कमी पडायला लागली. तिथला एक तरुण वाघ २०१९च्या जूनमध्ये निघाला तो आदिलाबादकडे जाऊन, शेतं, रस्ते आणि कालवे ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या कॉलरवरून कळलं, तीन हजार किलोमीटरहून जास्त चालला. 'वॉकर' म्हणून तो जगभर फेमस झाला. बघायला गेलं तर तोही बिचारा जागाच पाहत फिरत होता. पण सगळे एवढे नशीबवान नसतात. २०२१च्या एप्रिलमध्ये मुकुटबनच्याच वनपरिक्षेत्रात एका गर्भार वाघिणीला गुहेच्या तोंडाशी आग लावून मारलं गेलं. पंजे कापून नेले होते.

पुण्यात बसून यावर स्टेटस टाकणं सोपं असतं. काकांची वाट पाहत दाराशी बसलेल्या मावशींच्या शेजारी बसलं, की शब्द जरा जपूनच निघतात. काका पहाटे परतले, पाय चिखलाने भरलेले. तेव्हा मावशी झोपल्या.

जायचंच असेल तर

नागपूरहून वरोऱ्यामार्गे वणी, आणि वणीहून मुकुटबनची एसटी. मुक्कामाला वणीतले लॉज बरे. मुकुटबनमध्ये होम-स्टे, व्ह्यू पॉइंट, सेल्फी पॉइंट यांतलं काहीही शोधू नका. डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये जाल तर भाजून निघाल. वणी हे लोकनायक बापूजी अणे यांचं जन्मगाव. १८८०चा जन्म त्यांचा. वेळ असेल तर वढा-जुगादला जा, तिथे पैनगंगा वर्धेला मिळते. टिपेश्वरची सफारी करायची असेल तर बुकिंग आधीच करा. आणि घरचे दोन-चार फोटो फोनमध्ये असू द्या. कोणी मागितले तर?

आता फोन येतो

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडकडे चालले होते. वाटेत एका काकूंनी विचारलंच, 'कोनाकडे आल्या ताई?' मी मावशींच्या घराकडे बोट दाखवलं. 'बरं बरं,' म्हणून काकू पाणी भरायला निघून गेल्या. बस्स! सगळा इंटरव्ह्यू एका वाक्यात संपला.

पण पाहुणी होणं फुकटात पडत नाही, हेही सांगायला हवं. ट्रेकहून परत आलं की बूट धुतले आणि विषय संपला, तसं इथे होत नाही. मावशींनी निघताना माझा नंबर लेकीच्या वहीत लिहून घेतला होता. आता दर आठवड्याला फोन येतो. आधी आईची तब्येत, मग माझं लग्न (तो विषय मी टाळते), मग कापूस. कापूस अजून विकला नव्हता, तोवर मीही सकाळी चहाबरोबर वणीचा भाव बघत होते. मार्चमध्ये विकला. दहा हजार काही आला नाही. लेकीची खोली मात्र मोकळी झाली.

लेकीला नर्सिंग करायचंय. पुण्यातल्या कॉलेजांची फी, वसतिगृहं, फॉर्मच्या तारखा, सगळं मला विचारून झालंय. निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला माहीत नसतात, मग मी शोधून कळवते. जूनमध्ये ती येईल, पहिल्यांदाच एवढ्या लांब. स्टेशनवर घ्यायला मी जाणार आहे. आमच्या सोसायटीचा वॉचमन कोणालाही प्रश्न विचारल्याशिवाय आत सोडत नाही. तो तिलाही विचारेल, कोणाकडे आलात म्हणून.

तिला काय सांगायचं ते माहीत आहे.